हाक ‘एक’च्या आधी

नाचाच्या गटांचे नवे ‘पुढचे’, म्हणजे समोर उभं राहून गटाला चालवणारे, तयार करायचा आमचा नागपुरातला वर्ग. पहिल्या दिवशी आम्ही कुणालाच नाचायला लावलं नाही. समाजभवनाच्या हॉलमध्ये चौदा उमेदवार भिंतीकडे तोंड करून उभे केले, त्यांच्या पाठीमागे आठ जणांचं लेझीम चालू ठेवलं आणि विचारलं, मागे कोण पडतंय? डावीकडचा, उजवीकडचा की मधला? मागे पडणारा आम्हीच आधी ठरवून ठेवला होता. चौघांना कानानं ओळखता आलं. त्यातल्या दोघी नाचणाऱ्या म्हणून साधारणच होत्या. त्या चौघांना आधी घेतलं, मग बाकीच्यांचा विचार केला.

यावरून कुरबुर झालीच. “चांगली नाचते तिले सोडून हिले कायले घेतलं?” हा प्रश्न दरवर्षी येतो. त्याचं उत्तर असं की चांगली नाचणारी व्यक्ती बहुतेक वेळा स्वतःच्या अंगात रमलेली असते. गाणं रंगलं की डोळे मिटतात, गिरकी लांबते, आणि मागच्या तीस जणी कुठे पोचल्या हे तिला कळतही नाही. पुढे उभं राहणाऱ्याचा नाच थोडा कोरडा असला तरी चालतो. त्याचं लक्ष मात्र बाहेर हवं.

आमच्याकडे तीन तऱ्हेचे गट येतात. गणपतीच्या विसर्जनाला लेझीम खेळणारी मोहल्ल्यांची पथकं, नवरात्रात सोसायटीच्या आवारात गरबा करणाऱ्या बायका-मुली, आणि भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणत फेर धरणारे घरगुती मेळे. तिन्हीकडे दुखणं एकच. एकच ताई किंवा एकच भाऊ वर्षानुवर्षं पुढे असतो, आणि त्याच्या घरी लग्न निघालं, बदली झाली किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं की गट त्या वर्षी बसतो. म्हणून दर गटातून निदान दोन नवे पुढचे तयार करायचे, एवढंच या वर्गाचं काम.

वेळापत्रक मागून पुढे आखावं लागतं. पोळा श्रावण अमावास्येला, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, आणि त्यानंतर तीन-चार दिवसांनी गणपती बसतात. मारबतीच्या दिवशी महाल-इतवारीच्या बाजूला सराव ठेवायचा म्हणजे अर्धे उमेदवार मिरवणुकीत अडकणार. तो दिवस सुटीचा. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्याआधी पोरं मामाच्या गावाला असतात आणि नागपूरचं ऊन तर विचारूच नका. त्यामुळे जुलैचा पहिला शनिवार ही सुरुवात बरी पडते. आठवड्याला दोन बैठका, प्रत्येकी ९० मिनिटं, असे १२ आठवडे. लेझीमवाल्यांची परीक्षा मध्येच गणपतीत होते, गरब्याची आणि भुलाबाईची शेवटी. अधिक महिना आला की सगळंच पुढे सरकतं आणि दोन-तीन आठवडे जादा मिळतात. ते नव्या स्टेपवर उधळू नयेत, हाकेवर लावावेत.

हाक म्हणजे पुढच्यानं गटाला दिलेली सूचना: आता काय करायचं आणि कुठल्या दिशेला. सगळं शिक्षण याच्याभोवती फिरतं. नवा माणूस हाक देतो ती नेमकी ‘एक’वर, म्हणजे हालचाल सुरू व्हायच्या ठोक्यावरच. त्याला वाटतं आपण अगदी तालात बोललो. पण मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एका ठोक्याला अर्धा सेकंद मिळतो. ऐकणाऱ्याच्या कानावर शब्द पडणार, तो त्याला समजणार, मग तो अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर घेणार. एवढं होईपर्यंत ‘दोन’ उलटून ‘तीन’ आलेला असतो. जाणकार पाच जणी अंदाजानं बरोबर जातात, उरलेल्या पंचवीस उशिरा पोचतात, आणि फेर तुटतो. मग पुढची ओरडते, “लक्ष द्या ना गं!” चूक तिची असते, ओरडा मात्र त्यांना बसतो.

एनसीसी केलेल्यांना हे लवकर उमगतं. “दाहिने... मुड़!” या हुकुमात ‘दाहिने’ तयारीचा शब्द, मग श्वासभर थांबा, आणि ‘मुड़’वर हालचाल. आम्ही आठाच्या काउंटमध्ये, म्हणजे एक ते आठ ठोके मोजताना, हेच बसवलं. ‘पाच’वर स्टेपचं नाव, ‘सात’वर दिशा, ‘आठ’ रिकामा. ‘आठ’वर तोंड बंद. तो रिकामा ठोका म्हणजे गटाचा श्वास. तो भरायचा मोह सगळ्यांना होतो आणि तिथेच घोळ सुरू होतो.

पहिले दोन आठवडे ही हाक खुर्चीवर बसून घोटायची. पाय जमिनीला टेकलेले, हात फक्त टाळीला. एक जण हाक देणार, बाकीचे ‘एक’वर सांगितलेली टाळी वाजवणार: मांडीवर, डोक्यावर, शेजाऱ्याच्या हातावर. नाच नसल्यामुळे चूक कोणाची ते लगेच कळतं. सगळे एकत्र चुकले तर हाक उशिरा आली. अर्धे चुकले तर हाक ऐकू गेली नाही. एकच चुकला तर तो त्याचा तो बघेल. हा निवाडा उमेदवाराच्या अंगात मुरायला वेळ लागतो, कारण गट चुकला की आधी गटावर बोट दाखवायची सवय सगळ्यांनाच असते.

नावांवरही बरंच काम निघालं. स्टेपचं नाव दोन-तीन अक्षरी हवं आणि दुसऱ्या कुठल्या नावासारखं ऐकू येऊ नये. एका गटात ‘पलटी’ आणि ‘पालथी’ अशी दोन नावं होती. स्पीकर चालू असताना दोन्ही सारखीच ऐकू यायची. ‘पालथी’ची ‘भिंगरी’ केली आणि प्रश्न मिटला. लेझमीत हे आयतं मिळतं. व्यायामशाळेतून आलेली हिंदी नावं, चार आवाज, आदि लगाव, पवित्रा, दो रुख, आगे फलांग, पीछे फलांग, एकमेकांपासून चांगली वेगळी ऐकू येतात. अपवाद शेवटच्या जोडीचा. तिथे ‘फलांग’ गाळून नुसतं ‘आगे’ आणि ‘पीछे’ म्हणायचं, तेही हात दाखवून.

गरब्यात आणखी एक सापळा आहे आणि त्यात मुरलेलेही पडतात. बरीच गाणी हींच तालात असतात, म्हणजे सहाची चाल. डान्स क्लासमधून आलेल्या मुली मात्र सवयीनं ‘फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट’ म्हणतात. सहाच्या गाण्यावर आठ मोजले की दर २४ मात्रांनी दोन्ही एकदा एकत्र येतात. त्या क्षणी वाटतं सगळं बरोबर चाललंय, आणि लगेच पुन्हा निसटतं. मधूनमधून जुळत असल्यामुळे ही चूक पकडायला अवघड. उपाय साधा आहे. गाणं लागलं की आधी दोन ओळी नुसतं चालायचं, पाय कुठे जड पडतो ते बघायचं, आणि मगच मोजायला सुरुवात करायची. हींच असेल तर हाक ‘चार’वर, दिशा ‘पाच’वर, ‘सहा’ रिकामा. कहरव्याच्या चालीवरच्या गाण्याला आठाचाच हिशेब. गाण्यांच्या यादीत प्रत्येक गाण्यापुढे सहा किंवा आठ असा आकडा लिहून ठेवायला लावला. फालतू वाटतं, पण नवरात्रात स्पीकरवाल्यानं गाणं बदललं की हाच कागद वाचवतो.

भुलाबाईच्या मेळ्यांतल्या मुली हाकेत सगळ्यात लवकर तयार होतात, हे आमचं ठाम मत झालं आहे. तिथे स्पीकर नसतो, गाणं तोंडानं चालतं, आणि पुढची ओळ सुरू करणारी ती आधीच्या ओळीच्या शेवटालाच उचलते. म्हणजे ‘एक’च्या आधी हाक देणं तिच्या गळ्यात असतंच. फक्त ओळीऐवजी स्टेपचं नाव घ्यायला शिकवायचं. गरब्याच्या उमेदवारांनाही म्हणून तिसऱ्या आठवड्यात दोन बैठका बिनस्पीकरच्या, तोंडी गाण्यावर दिल्या.

घाबरलेला माणूस भरभर मोजतो. मोबाइलवर मेट्रोनोम (एकसारखे ठोके वाजवणारं ॲप) मिनिटाला १०० ठोक्यांवर लावायचा, उमेदवारानं त्याच्याबरोबर मोजायला सुरुवात करायची, मग आवाज बंद करायचा आणि एका मिनिटानं पुन्हा चालू करायचा. जवळजवळ प्रत्येक जण पुढे पळालेला असतो. समोर माणसं उभी केली की आणखी पळतो. यावर उपदेश चालत नाही. पायाच्या टाचेनं ठोका धरायचा आणि तोंडानं मोजायचं, तोंड टाचेच्या मागे ठेवायचं, हा एकच उपाय कामी आला.

चौथ्या आठवड्यापासून स्टेप शिकवायला शिकवणं. याचा क्रम आम्ही ठरवून दिला आणि त्यात कुणाला सूट दिली नाही. आधी पूर्ण स्टेप मूळ वेगात दोनदा, न बोलता. मग फक्त पाय, निम्म्या वेगात, चार वेळा. मग पाय आणि दिशा. मग हात. टाळी किंवा टिपरी सगळ्यात शेवटी. मग गाणं ७५ टक्के वेगात, आणि तिथे तीनदा बिनचूक झालं तरच पूर्ण वेगात. नवे लोक हातापासून सुरुवात करतात, कारण हात दिसायला छान. पण हात चुकला तर एकटीचा चुकतो, पाय चुकला तर शेजारणीला धक्का बसतो. म्हणून पाय आधी.

पाऊण तासात दोनपेक्षा जास्त नव्या स्टेप नाहीत. हा नियम मोडायची सगळ्यांनाच घाई. यूट्यूबवरून उचललेल्या सात स्टेप घेऊन एक उमेदवार आली, तीस मिनिटांत सातही शिकवल्या, आणि पुढच्या बैठकीला गटाला त्यातली एकही आठवेना. त्यापेक्षा ३२ मात्रांचा एक पक्का तुकडा बरा. त्याच्यावर अख्खी रात्र काढता येते.

दुरुस्तीचाही नियम आहे. एका फेरीला एकच दुरुस्ती, एका वाक्यात, आणि आधी सगळ्या गटाला उद्देशून. तरी सुधारलं नाही तर त्या रांगेला. तरीही नाही तर त्या व्यक्तीला पाण्याच्या सुटीत, बाजूला. भर फेरात नाव घ्यायचं ते फक्त कौतुकाला. “काकू, तुमचा डावा पाय!” असं माइकवरून ऐकलेली काकू दुसऱ्या दिवशी येत नाही, ती पाय दुखतो म्हणून सांगते आणि आपण ते खरं मानतो. हात लावून दुरुस्ती करायची नाही. आधी शब्दानं, मग समोर करून दाखवून. त्यानंतरही गरज पडली तर विचारून. मुलांच्या सरावाला दोन मोठी माणसं कायम हजर.

प्रत्येक उमेदवाराची एक बैठक मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि तो स्वतः किती वेळ बोलला ते त्यालाच मोजायला लावलं. तासाच्या बैठकीत पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बोलणं म्हणजे गट उभा राहून थंड पडणं. आकडा कुणी दुसऱ्यानं सांगितला तर वाद होतो. स्वतः मोजला तर माणूस गप्प होतो.

आता तोंड कुठे करायचं? गटाकडे पाठ केली तर पाय नीट दिसतात पण गट दिसत नाही. गटाकडे तोंड केलं तर गट दिसतो पण उजवं-डावं उलटतं. तोंड गटाकडेच हवं, म्हणजे तोंडानं ‘उजवा’ म्हणायचं आणि स्वतः डावा टाकायचा. यासाठी डाव्या मनगटावर लाल फीत बांधली आणि त्या हाताला दोन आठवडे ‘उजवा’च म्हणायचं ठरवलं. काही जण घरी जेवतानाही गोंधळले म्हणतात, पण फीत सुटली तेव्हा सवय बसलेली होती. अवघड वळणाच्या स्टेपला तेवढी पाठ करायची, दोन फेऱ्या, आणि पुन्हा तोंड.

वर्तुळात तर उजवा-डावा शब्दच टाकून द्यावा. तिथे ‘आत’ आणि ‘बाहेर’, ‘देवीकडे’ आणि ‘गेटकडे’, ‘पाण्याच्या टाकीकडे’. सोसायटीतल्या प्रत्येकीला टाकी कुठे आहे हे विचार न करता कळतं. आणि वर्तुळात एकच पुढची पुरत नाही. ती ज्या बाजूला असते तिथल्या अर्ध्या बायकांना तिची फक्त पाठ दिसते. समोरासमोर दोघी हव्यात, आणि हाक एकीनंच द्यायची. दोघींनी हाक दिली की संपलं.

जागेचा हिशेब कागदावर करायला शिकवला. समजा हॉल ३० बाय ४० फूट आहे. भिंती, खुर्च्या आणि चपलांसाठी दोन्हीकडे दोन-दोन फूट सोडले तर २६ फूट व्यासाचं वर्तुळ बसतं. त्याचा घेर साधारण ८१ फूट. गरब्याला माणशी चार फूट धरले तर २० जणी. आत पाच फूट सोडून दुसरं वर्तुळ केलं तर १६ फूट व्यास, ५० फूट घेर, १२ जणी. म्हणजे ३२ ला हॉल भरला. चाळीस जणी कोंबल्या की पावलं आखडतात, स्टेप बिघडते, आणि दोष शिकवणाऱ्याला लागतो. आतल्या वर्तुळात एका फेरीला चालणं कमी पडतं, म्हणून वयस्क आणि गुडघेदुखीवाल्या आत. पण बाहेरच्या वर्तुळात एक माणूसभर फट ठेवायची, कुणाला चक्कर आली तर बाहेर पडायला वाट हवी. लेझमीला हा हिशेब चालत नाही. तिथे हात पूर्ण पसरून शेजाऱ्याच्या पसरलेल्या हाताला लागणार नाही एवढं अंतर, पुढे-मागेही तेवढंच. नाहीतर फलांगेत दांडा कुणाच्या तरी भुवईवर.

मिरवणुकीत हाक ऐकूच येत नाही. ढोल-ताशा चालू असताना ओरडणाऱ्याचा गळा पहिल्या तासात बसतो. तिथे शिट्टी आणि हात. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा, दोन आखूड म्हणजे पुढची स्टेप. वर मूठ म्हणजे थांबायची तयारी, बोटं म्हणजे स्टेपचा नंबर, तळवा फिरवला की दिशा उलट. हात डोक्याच्या वर, आणि पूर्ण चार ठोके तिथेच धरून. नवे लोक हात क्षणभर दाखवून खाली घेतात आणि मागच्यांना तो दिसत नाही.

लांबलचक पथकात मागच्या रांगा उशिरा का पडतात, यावर पथकांत दरवर्षी भांडणं होतात. मागचे आळशी नसतात. आवाज सेकंदाला साधारण ११०० फूट जातो. ढोल सगळ्यात पुढे असेल तर १०० फूट मागच्या रांगेला ठोका जवळपास दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. २०० फुटांवर त्याच्या दुप्पट. मिनिटाला १२० च्या चालीत हा दुसरा उशीर ठोक्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त भरतो. मागचे बिचारे त्यांना ऐकू येतंय तसं बरोबर खेळत असतात. वादक पथकाच्या मधोमध आणले की अंतर निम्मं होतं. ते जमत नसेल तर मागच्या रांगांनी कान सोडून पुढच्या रांगेचे हात बघायचे, आणि मध्ये एक झेंडीवाला ठेवायचा. हे एकदा आकड्यांनिशी समजावलं की भांडण मिटतं.

गुडघ्यांचं तेवढं लांबवून सांगायला हवं, कारण गट फुटायचं ते एक मोठं कारण. समाजभवनांत काँक्रीटवर फरशी असते, तिला लवचिकपणा नाही. पावसाळ्यात चपला ओल्या, कोटा फरशी ओली, आणि पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी घसरतं. दाराशी पोतं आणि हॉलमध्ये एक कोरडं फडकं, हे पुढच्याचं काम. सुरुवातीला आठ-दहा मिनिटं अंग मोकळं करणं: घोटे, पोटऱ्या, खांदे, मग हळू चालणं. उड्या नाहीत. प्रत्येक स्टेपच्या तीन पायऱ्या तयार ठेवायला सांगितल्या: खुर्चीवर बसून, चालत, उडी घेत. आणि पुढच्यानं स्वतः नेहमी मधली, चालायची पायरी करायची. पुढची उडी मारते तेव्हा साठीच्या आजीही मारतात, कारण समोर दिसतं ते माणूस करतो. ज्यांना उडी हवी त्या आपोआप घेतातच.

फुगडी आणि झिम्म्यात काचेच्या बांगड्या आधी काढायच्या. फुगडी थांबवताना हात सोडायचा नाही. फेर लहान करत करत पाय जवळ आणून थांबायचं. बहुतेक आपटणं हात सुटल्यामुळे होतं, वेगामुळे नाही. टिपऱ्यांना चीर गेली की फेकायच्या, चिकटपट्टी लावून वापरायच्या नाहीत. त्यांच्या कपच्या डोळ्यात जातात.

ऑगस्टमध्ये पाऊस उघडला की नागपूरचा उकाडा उन्हाळ्यापेक्षा वाईट. दर वीस मिनिटांना पाणी, विचारायचं नाही, थांबवायचंच. ओआरएसची पाकिटं नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. डायबेटिस आणि बीपीवाल्यांची नावं वहीत. कुणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापलंय पण घाम थांबलाय, तर सावलीत नेऊन अंग ओलं करून वारा घालायचा आणि लगेच १०८. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायला चार जण धावतात. त्यांना अडवणं हेही पुढच्याचंच काम.

कागदपत्रांचं थोडक्यात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. निवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल, रात्री ४५. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र. सणाच्या ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, पण ते दिवस वर्षाला पंधरापेक्षा जास्त नसतात आणि जाहीर झालेलेच धरायचे. परवानगीचा अर्ज पोलीस ठाण्यात आठ-पंधरा दिवस आधी, पोचपावतीची झेरॉक्स पुढच्याच्या खिशात. शेवटचं गाणं पावणेदहाला लावायचं, दहाला नाही. वर्गणीचे पैसे पुढच्यानं एकट्यानं हाताळू नयेत, दोन सह्या असाव्यात. नाचाचे गट नाचावरून फुटतात तेवढेच साड्यांच्या हिशेबावरून फुटतात.

पाहण्याचा एक धडाही दिला. सिव्हिल लाइन्सच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात वेगवेगळ्या राज्यांची लोकनृत्यं होतात. तिथे जायचं आणि नाचणाऱ्यांकडे न बघता फक्त बदल कोण करतं ते शोधायचं. कधी तो ढोलवाला असतो, कधी रांगेच्या टोकाचा माणूस, कधी नुसती एक आरोळी. बहुतेक जण पहिल्या वेळी नाचच बघून आले, म्हणून दुसऱ्यांदा पाठवले. दुसऱ्या वेळच्या वह्या वाचण्यासारख्या होत्या: “बदलाच्या आधी ढोलवाला मान वर करतो.” हीच हाक, फक्त मानेनं.

नवव्या आठवड्यापासून सोपवणं. पहिला आठवडा उमेदवार जुन्या ताईशेजारी उभा, हाक ताईची. दुसऱ्या आठवड्यात हाक उमेदवाराची, ताई मागच्या रांगेत. तिसऱ्यात ताई हॉलमध्ये, पण खुर्चीवर. चौथ्यात ताईनं यायचंच नाही. या चारांत सगळ्यात जास्त बिघाड दुसऱ्या आठवड्यात होतो आणि तो उमेदवारामुळे होत नाही. ताई मागच्या रांगेतून हळूच हाक देते. तिची सवय, माया, काळजी, सगळं खरं. पण गटाचे कान तिच्याकडे वळतात आणि पुढच्याची हाक हवेत जाते. यासाठी ताईंना वेगळं काम दिलं: वही घेऊन बसायचं आणि प्रत्येक हाक कितव्या काउंटवर आली ते लिहायचं. लिहिणाऱ्या माणसाला ओरडता येत नाही.

गटही पुढच्यावर फार अवलंबून राहतो. त्याचे पाय बघून नाचतात, तो पाणी प्यायला गेला की सगळं कोसळतं. म्हणून ‘आठ करा, आठ धरा’. पहिले आठ पुढच्यानं नाचायचं, पुढचे आठ स्थिर उभं राहायचं आणि गटानं चालू ठेवायचं. मग सोळा स्थिर. रांगा दर दहा मिनिटांनी मागे-पुढे, नाहीतर पहिली रांग तयार होते आणि शेवटची रांग वर्षभर शेवटचीच राहते. पुढे कोण, यावरची रुसवेफुगवी यानंच निम्मी कमी होते; उरलेली निम्मी फोटोच्या वेळी होते, तिला इलाज नाही.

शेवटची परीक्षा दहा मिनिटांची. चाळीसेक माणसं, अनोळखी गट असेल तर उत्तम. तीन मिनिटांत एक नवी स्टेप शिकवायची. मग गाणं, त्यात किमान सहा बदल हाकेनं. मध्येच आम्ही न सांगता गाणं बंद करतो आणि गट दोन आठ पुढे जातो का ते बघतो. मग कुणीतरी ठरवून चुकीच्या दिशेनं चालायला लागतं. उमेदवार काय करतो? जो त्याच्याकडे धावतो तो गट सोडतो. जो पुढची हाक लवकर देतो, सगळ्यांनाच नव्या दिशेला नेतो आणि चुकलेल्याला त्यात आपसूक सामावून घेतो, तो पास. चौदापैकी नऊ पास झाले. पाच जण पुढच्या तुकडीत पुन्हा बसणार, त्यातल्या तिघांचं दुखणं तेच: ‘आठ’ रिकामा ठेवता येत नाही.

पास झालेल्या प्रत्येकाला एक वही दिली. पहिल्या पानावर गाण्यांची यादी, सहा-आठच्या आकड्यांसह. दुसऱ्यावर स्टेपची नावं. तिसऱ्यावर दुखणी आणि घरचे फोन नंबर. चौथं पान कोरं. कोजागिरीला दूध आटेपर्यंत त्या पानावर दोन नावं लिहून द्यायची, पुढच्या जुलैत भिंतीकडे तोंड करून कोण उभं राहणार त्यांची.